‘चल गं’ म्हणून निघालो तेव्हा

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बायकोच्या डाव्या अंगाला थंडी सोसत नाही आणि उन्हाळ्यात खोलीत तिचा जीव घाबरतो. खोली नळदुर्गात हायवेलगत, जुन्या टायरांच्या धंद्याच्या कमाईवर मी बांधलेली, स्लॅबची. गावातलं माळवदाचं घर वाटणीत धाकट्या भावानं घेतलं. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. तो म्हणाला, "दादा, वहिनीला हिकडं आणा."

"घेताना वहिनी आठवली न्हाय व्हय?" मी म्हणालो आणि तिला घेऊन सोलापूरला एसीच्या दुकानात गेलो.

स्वस्तातला नुसता गार करायचा. गार आणि गरम दोन्ही करणारा महाग होता. "यात भाव होत नाही, काका," दुकानदार म्हणाला.

आमची रीत ठरलेली. मी आवाज चढवायचा, ‘चल गं’ म्हणायचं, आणि तिनं पिशवी उचलून माझ्याआधी पायऱ्या उतरायच्या. भांडी असोत की म्हैस, तिची पाठ दिसली की समोरचा हाक मारायचाच.

"निदान स्टॅबिलायझर तरी फुकट द्या."

"नाही जमणार."

"मग ठेवा तुमच्याकडंच. चल गं!"

दारापर्यंत गेलो. मागं पावलं वाजली नाहीत. ती एसीखालच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती, डावा हात मांडीवर. मी परत आलो. "ऊठ की."

"उठवंना," ती म्हणाली. मग हळूच, "आन् वाटतबी न्हाय उठावं. लई बरं वाटतंय हितं. तुमी भांडा की, मी बसते."

दुकानदार हसला असता तर भांडायला काही मिळालं असतं. तो हसला नाही. "तुमच्याकडं उन्हाळ्यात व्होल्टेज कसं असतं, काका?" त्यानं विचारलं.

पंखासुद्धा रडत फिरतो, हे मी सांगितलं नाही. "दोन्ही करणारा द्या, स्टॅबिलायझर राहू द्या," म्हणालो आणि तिच्याशेजारी बसलो.

वाटेत तिनं विचारलं, "सोडलं का त्यानं काही?"

"सोडलं की."

"तोंडावरनं तर दिसंना."

हिवाळा बरा गेला. आता भर दुपारी व्होल्टेज पडतं, एसी घरघरून बंद होतो. वीज मंडळात जाऊन ओरडून आलो. तिथं सगळे हो म्हणतात. मग मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसतो. धाकट्या भावाचा फोन वाजतो. मी उचलत नाही. ती फोनकडं बघत राहते, माझ्याकडं बघत नाही.