खिडकीतलं ऊन

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून घराखालच्या दुकानात खिडकीशी बसायचं आणि उन्हाच्या उजेडातच काम करायचं, ही जुनी खोड. दिव्याखाली चाकाचे बारीक दात नीट दिसत नाहीत म्हणे. नसतील बाई दिसत, आपण कशाला वाद घालायचा.

दुकानासमोरचा बस डेपो बंद पडला आणि तिथे एक अवाढव्य दुकान येणार अशी कुणकुण लागली. सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं एका छपराखाली, पुढे गाड्यांसाठी भलंमोठं मैदान. हे पेटून उठले. घरोघर फिरले, प्रत्येक बैठकीत तेच भाषण. "इथे माणसं राहायला हवीत. घरं बांधा, खाली छोटी दुकानं ठेवा. माझी बहीण दोन बस बदलून इथे कामाला येते, तिला नको इथे घर?" ऐकून माझे कान किटले, पण खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटायचा.

माझी नणंद पलीकडच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, त्यात तो प्रवास. दादाच्या भरवशावर ती मनात घर मांडू लागली. "वहिनी, स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूचं मागू का? तुला हाक मारता येईल."

"माग की. पण रोज साखर मागितलीस तर खिडकी लावून घेईन," मी म्हटलं. हसली.

आणि गंमत बघा, पालिकेने ऐकलं. दुकान बाजूला पडलं, सहा मजली इमारतीचा आराखडा आला, त्यात निम्मी घरं कमी भाड्याची. शेवटच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लावला होता. इमारतीची सावली कुठवर पडेल तेही त्यात दाखवलं होतं. ह्यांनी खिशातून भिंग काढून सावलीचं टोक शोधलं. ते आमच्या खिडकीच्याही पुढे गेलं होतं.

गल्लीतल्या काहींना उंची खुपत होतीच. "तीनच मजले हवेत असं कोणाला वाटतं?" अधिकाऱ्याने विचारलं. सगळ्यात आधी हात वर गेला तो ह्यांचा. तो बघून बाकीच्यांचेही हात वर झाले. नणंद आमच्या मागच्याच रांगेत होती. मी ह्यांची बाही ओढली, "अहो, मागे कोण बसलंय?" ह्यांनी वळून पाहिलं, आणि हात तसाच वर राहिला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाहेर पडताना नणंद एवढंच म्हणाली, "येते वहिनी, बस चुकेल."

पालिकेने मजले तीनच केले, आणि तेवढ्यात बिल्डरला परवडेना. तो निघून गेला आणि ते अवाढव्य दुकानच आलं. ठेंगणं, लांबलचक, पुढे मोकळं मैदान. डेपोची उंच भिंतही गेली. आता आमच्या खिडकीत कधी नव्हतं इतकं ऊन येतं.

मी ह्यांना सोडलं नाही. "अहो, दिवा लावला असता तर काय आकाश कोसळलं असतं?"

"मला तोंड नाही गं बोलायला," म्हणाले, आणि खिडकीला जाड पडदा लावला. समोरचं बघवत नाही. आता दिव्याखालीच काम करतात. दात दिसतात सगळे.

परवा जेवणाच्या सुट्टीत नणंद डोकावली. खुर्चीत टेकली, पाय चोळले आणि सहज पडदा सरकवला. "दादा, इतकं छान ऊन आहे, अंधारात काय बसलायस?" तो टोमणा नव्हता, हेच तर वाईट. ह्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलंच नाही, मान खाली घालून कामात असल्यासारखे बसून राहिले. समोर टेबलावर एकही घड्याळ नव्हतं.