सगळ्यांच्या लांब बाह्या

आमच्याकडे हळदीला भावकीतल्या सगळ्या बायका-पोरी एकाच रंगाच्या साड्या नेसतात. पुतण्याचं लग्न मे महिन्यात होतं आणि साड्यांचा हिशेब माझ्याकडे होता. मी कंपनीत बिलं तपासतो, त्यामुळे घरातली मोजदाद आपोआप माझ्याकडे येते. मोठ्यांच्या एकोणीस, पोरींच्या आठ. एप्रिलच्या एका रविवारी ब्लाऊजची मापं घ्यायला सगळ्या दिवाळे गावात माझ्या थोरल्या बहिणीकडे जमल्या. आम्हीही जुईनगरहून गेलो. मी, बायको आणि दहावीची परीक्षा नुकतीच दिलेली आमची मुलगी.

मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. समोर बोंबील वाळत होते आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, माझ्या बाह्या लांब ठेवायला सांग," मुलगी म्हणाली.

"लांब? मे म्हयन्यान? उकडून मरशील गो! हलद भावाची हाय, तुजी नाय. लाजतं कशाला?"

पोरी खिदळल्या. बहिणीने हसत हसत तिचा हात ओढला आणि बाही वर केली असावी, कारण एकदम शांतता झाली. मग बहिणीचाच आवाज आला, "हिचं माप मागनं घेऊ. पोरीला ऊन बाधलंय."

बहीण बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. मासळीबाजारात सगळ्यांना गप्प करणारी ही बाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजली.

"भाऊ, पोरीच्या हातावर जखमा हायत. नव्या, जुन्या. पडून झालेल्या नाय त्या. तिनंच केल्यान."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तिचं तोंड बघून."

बायको मागे स्वयंपाकघरात होती, तिला सांगितलं. ती रडली नाही. "लग्नघरात बोभाटा नको," एवढंच म्हणाली. मलाही तेच वाटलं. हळद उरकू दे, मग शांतपणे बघू. तोवर मुलीचं काय करायचं, तर तोडगा बहिणीने काढला. आठही पोरींच्या बाह्या मनगटापर्यंत लांब शिवायच्या. एकटीच्या लांब असल्या तर विचारतील, सगळ्यांच्या असल्या तर फॅशन. शिवणारणीला वाढीव कापड किती लागेल ते मी विचारून घेतलं आणि आणून दिलं. मुलीला कोणी काही बोललं नाही. तिला लाजवायचं नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं होतं.

हळदीला आठही पोरी घामाने निथळत नाचल्या. "काय मस्त शिवलंय, कुठं शिवलं?" असं बायका विचारत होत्या. आमची मुलगीही नाचली. बायकोने मला कोपराने ढोसलं, "बघा, हसतेय." मी बघितलं. खरंच हसत होती.

लग्नानंतर पंधरवड्यात बायकोला नव्या जखमा दिसल्या. मग मात्र थांबलो नाही, वाशीला एका समुपदेशक बाईंकडे गेलो. बाई आधी मुलीशी एकटीशी बोलल्या, मग तिच्या परवानगीने आम्हाला आत घेतलं.

कळलं ते असं. शाळेतल्या मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढलं होतं आणि तिच्यावरून विनोद चालायचे. झोप लागत नव्हती. कुणी रागावलं की चूक आपलीच, हे तिचं ठरलेलं. नव्वद टक्क्यांच्या खाली गेलो तर घरात तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती. माझ्या बापावर तिचा फार जीव. तो गेल्या वर्षी गेला तेव्हा आम्ही तिला नववीची परीक्षा जवळ आहे म्हणून तेराव्याच्या आधीच क्लासला पाठवलं होतं. ती रडलेली मला आठवतच नाही.

मी विचारलं, "यातलं मुख्य कारण कोणतं?"

"तसं टक्केवारीत नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "यातलं एकेक पुष्कळ मुलं सोसतात. पण सगळं एका मुलीवर येऊन पडतं, ती स्वतःवरच चिडलेली असते आणि सांगायला जागा दिसत नाही, तेव्हा धोका वाढतो."

बायको म्हणाली, "अगं, पण आम्ही होतो ना! आम्ही तर तुला कुणासमोर खाली बघायला लागू नये म्हणून सगळ्यांच्या बाह्या..."

"तेच ना, मम्मी." मुलगी पहिल्यांदा आमच्याकडे बघून बोलली. "आत्याने बघितलं तेव्हा मला खूप भीती वाटली. पण बरं पण वाटलं, की आता कोणीतरी विचारेल. मग ब्लाऊज आला. सगळ्यांचे तसेच. तेव्हा कळलं, सगळ्यांना माहितीये आणि कोणीच विचारणार नाहीये."

बायकोने पदर तोंडाला लावला. मी सवयीने मोजलं. आठ ब्लाऊज, सोळा बाह्या. यातून पोरीपर्यंत काय पोचेल, हा विचार तिघांपैकी एकाच्याही मनाला शिवला नव्हता.

बाईंनी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि घरात काय जपायचं तेही सांगितलं. सोपं काही नाही, वेळ लागेल, असंही म्हणाल्या.

खाली आलो. बायको रिक्षा बघायला पुढे गेली. मुलगी माझ्याजवळ उभी होती. विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं, ते मला कळत नव्हतं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

तिने आधी मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाली, "हो." आणि तिनेच विचारलं, "पप्पा, राग आलाय?"

"नाही गं. भीती वाटतेय."

"मला पण," ती म्हणाली. मग रिक्षा आली तरी आम्ही दोघं तसेच उभे होतो.