माहेरचा घड्याळवाला

जुन्या घड्याळाचं झाकण उघडताना माझा श्वास अडकतो, हे आधीच सांगून टाकतो. साठी जवळ आली आहे, इथे अमेरिकेत वेस्ट विंडसरच्या आमच्या घरातलं गराजचं दार चार महिने कुरकुरतंय आणि त्याला तेल द्यायला मला वेळ नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या स्विस घड्याळाचे काटे मूळचेच आहेत की मागाहून बसवलेत, हे शोधण्यात मी अख्खा रविवार घालवतो. बायको या उद्योगाला पोस्टमॉर्टेम म्हणते. म्हणू दे.

त्यामुळे शेजारच्या डॉक्टरकाकांनी एका सकाळी स्वेटरच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढून आमच्या डायनिंग टेबलवर ठेवलं, तेव्हा मी खुर्चीतून उडालोच. हे घड्याळ मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची गोष्ट वीसएक वेळा तरी ऐकली होती. इथल्या सगळ्याच मराठी मंडळींनी ऐकली होती. इथलं डॉक्टरकीचं प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, संपल्यावर काकांनी पहिल्या मोठ्या पगारातून ते घेतलं. पुढे बऱ्याच वर्षांनी काकू पुण्याला निघाल्या, तेव्हा दुरुस्तीला बरोबर घेऊन गेल्या आणि माहेरच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याकडून नीट करून आणलं. ते परत आलं भलतंच चकचकीत होऊन. काकांनी जाहीर केलं, की हे माझं घड्याळच नव्हे, आतलं मशीन बदललंय आणि डायलही खोटी बसवली आहे. घड्याळ ड्रॉवरमध्ये गेलं, आणि गोष्ट बाहेर आली. प्रत्येक पार्टीत काका ती रंगवून सांगायचे, "हिच्या माहेरच्या घड्याळवाल्याने आतलं स्वित्झर्लंड काढून घेतलं आणि तुळशीबाग भरून पाठवली!" सगळे खो खो हसायचे. मीही. काकूसुद्धा हसायच्या, आणि "चहा कुणाकुणाला हवाय?" असं विचारत आत जायच्या.

काकूंना जाऊन आता वर्ष झालं होतं.

"मला विकायचं वगैरे नाहीये," काका म्हणाले. "मी बरोबर होतो का, एवढंच बघून सांग. शेवटपर्यंत तिला ऐकवत राहिलो रे यावरून."

"काका, डोन्ट वरी. तासाभरात निकाल लावतो," मी हात चोळत म्हणालो. ते काय म्हणाले हे कानांनी ऐकलं खरं, पण डोळे घड्याळावर होते आणि डोकंही तिकडेच होतं.

भिंग डोळ्याला लावलं. खरं सांगायचं तर डायल खोटीच निघणार अशी माझी खात्री होती. खोट्या डायलवरची अक्षरं भिंगाखाली फुटलेली दिसतात, शाई थोडी पसरलेली असते. इथे एकेक अक्षर कोरल्यासारखं स्वच्छ! मिनिटांच्या बारीक रेघा सगळ्या सारख्या अंतरावर. मी खुर्ची पुढे ओढली. अंधारात चमकण्यासाठी लावलेले तासांचे ठिपके म्हातारे होऊन खव्याच्या रंगाचे झाले होते. काट्यांवरचा रंग? तोही अगदी तसाच! काटे नंतर बदलले असते, तर ते इतके जोडीने म्हातारे झाले नसते.

"अहो काका, हे काहीतरी भारी आहे!"

"तू आधी पूर्ण बघ," काका म्हणाले. त्यांनी चहाला हात लावला नव्हता.

झाकण घट्ट होतं. मुलीचा जुना रबरी चेंडू शोधून आणला आणि तो झाकणावर दाबून फिरवला. या युक्तीने ओरखडे पडत नाहीत. "चेंडूने घड्याळ उघडणारा इंजिनियर," बायको म्हणाली, पण तीही आता माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. झाकण कर्रकन सुटलं. आत मशीन लखलखत होतं आणि त्यावर नंबर होता. काकांच्या पिढीने अमेरिकेत आल्यापासून एकही कागद फेकलेला नाही. खरेदीचा पिवळा कागद त्यांनी बरोबर आणलाच होता. बायको कागदावरचा एकेक आकडा वाचत गेली आणि मी मशीनवरचा तपासत गेलो. शेवटचा आकडा जुळला तेव्हा मी टेबलावर थाप मारली. कप हिंदकळले.

मग एवढी चकाकी आली कुठून? मी झाकण उलटं करून दिव्याखाली धरलं. दुरुस्ती करणारे झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण करून ठेवतात. बारीक ओरखड्यांसारखं काहीतरी होतं. भिंग जवळ नेलं, तर चक्क देवनागरी! "काच नवी." बस्स, दोनच शब्द. जुनी प्लास्टिकची काच पिवळी पडली असणार, ती त्या माणसाने बदलली आणि खालची डायल पुन्हा पांढरी दिसायला लागली!

"काका, सगळं ओरिजिनल आहे!" मी अक्षरशः ओरडलो. "मशीन, डायल, काटे, सगळं! फक्त काच बदललीय, आणि त्या भल्या माणसाने तेसुद्धा लिहून ठेवलंय! असा पीस लोकांना शोधून सापडत नाही, माहितीये तुम्हाला?"

मी आणखीही बरंच बोललो असतो, पण बायकोने टेबलाखालून माझा पाय जोरात दाबला.

काकांनी भिंगासाठी हात पुढे केला. त्यांना ते डोळ्यावर धरता येईना, म्हणून मी धरलं. त्यांनी ते दोन शब्द वाचले, पुन्हा वाचले.

"ती हेच म्हणाली होती," ते म्हणाले. "एअरपोर्टवरून येताना, गाडीत. फक्त काच बदललीय म्हणाली होती."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इतका वेळ मी कशाचा पुरावा गोळा करत होतो, हे मला कळलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. मी झाकण बसवलं. काकांनी चावी दिली, घड्याळ कानाला लावलं आणि मनगटावर बांधलं. पट्टा सैल झाला होता.

पुढच्याच महिन्यात आमच्याकडे गणपतीची आरती झाल्यावर सगळे जेवायला बसले. काकांच्या मनगटाकडे बघून कुणीतरी म्हणालं, "अरे वा, हेच का ते तुळशीबागवालं?" लोक हसायच्या तयारीत सरसावून बसले. काकांनी गोष्ट नेहमीसारखीच सुरू केली, पहिला पगार, पुणे, माहेरचा घड्याळवाला. मग म्हणाले, "त्या माणसाने फक्त काच बदलली होती. माझी बायको खरं बोलत होती, आणि मी इतकी वर्षं तुम्हा सगळ्यांसमोर तिला खोटं पाडलं."

मी ताटाकडे बघत बसलो.

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "चहा कुणाकुणाला हवाय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते आत गेले.