सिद्रामप्पा मास्तरांचा गृहपाठ

सिद्रामप्पा मास्तर गेल्याची बातमी मला सोलापुरात एका लग्नाच्या पंगतीत कळली. आमच्या मुरुम गावचा जुना वर्गमित्र वाकून कानात सांगून गेला आणि हातातला लाडू हातातच राहिला. खावा की ठेवावा... सुचेना. शेवटी ठेवला आणि भर पंगतीत ढसाढसा रडलो. मुलीकडच्यांना वाटलं, नवरीचा कुणी जवळचा असेल; दोघांनी धरून सावरलंसुद्धा. त्या नवरीचं नावही मला ठाऊक नव्हतं. ही फजिती मास्तरांना सांगायला हवी होती...

महिना झाला त्याला. माझ्या लहानपणी, निजामाच्या राज्यात, आमच्या शाळेत भूगोलाला जुग्राफिया म्हणत आणि तो उर्दूत शिकावा लागे. घरात कानडी, गल्लीत मराठी, पाठांतर उर्दूत. डोक्यात काही शिरत नसे. मी डोंगर घोकून गेलो, परीक्षेत नद्या आल्या. मी डोंगरच लिहून आलो, तेही वळणदार अक्षरात. अर्थात नापास. वडिलांच्या आडत दुकानाची गादी माझी वाट बघत होती.

त्या वर्षी मास्तर आमच्या वर्गावर आले. त्यांचा गृहपाठ एकच : आज शिकलेलं घरी आईला आपल्या बोलीत सांगायचं आणि ती जे विचारील ते उद्या वर्गात आणायचं. हजेरी झाली की विचारायचे, "अव्वा काय म्हणाली?" गोट्या सोडून अव्वाला भूगोल सांगायला मला कुठली सवड? शाळेच्या वाटेवरच मी तिच्या नावानं प्रश्न रचायचो. इतक्या नद्या समुद्रात जातात, तर तो उतू का जात न्हाय? मास्तर त्यावर तासभर बोलत, आधी मराठीत, मग उर्दूत. मला कळायला लागलं होतं. पण लिहिताना उर्दू अडायची. सहामाहीत पुन्हा आपटलो. वडील म्हणाले, "सोमवारपासनं गादीवर."

नेमक्या त्याच संध्याकाळी मास्तर अव्वाला भेटायला आले. उंबऱ्याबाहेर हात जोडून म्हणाले, "अक्का, तुमच्यासारखे प्रश्न माझ्या वर्गात कुणी आणत न्हाय."

अव्वानं पिठाचा हात झटकला. "कसले प्रश्न वो? हे तर जेवलं की पळतंय."

मी पोत्यामागं सरकलो.

"बघा मास्तर!" वडील गरजले. "नापास तर नापास, वर खोटारडं!"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं वळून हळूच म्हणाले, "म्हंजे प्रश्न याचेच. सावकार, उर्दू मी शिकवीन. असं विचारणं मला शिकवता येत न्हाय. वार्षिक परीक्षेपर्यंत गादी रिकामी राहू द्या."

"आन् पुन्हा नापास झाला तर?"

"मीच हाताला धरून आणून बसवतो."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी मास्तरांच्या ओसरीवर. मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, दिवेलागणीला तिथं पोरांसाठी चटई अंथरायच्या. पास झालो, अगदी काठावर. पुढं रझाकारांच्या धामधुमीत शाळा बंद पडली, ओसरी चालूच राहिली. मोठेपणी काय व्हावं, हे मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. पोरगं कशापाशी थांबतंय तेवढं बघायचे आणि तिथं आणखी थोडं थांबू द्यायचे. मी पाटबंधारे खात्यात गेलो, जन्मभर पाण्यापाशीच थांबलो. गादीवर धाकटा भाऊ बसला. तिथं तो माझ्यापेक्षा लाखपट शोभला.

गेल्या आठवड्यात मुरुमला मास्तरांच्या घरी जाऊन आलो. दिवेलागण झाली तशा काकू उठल्या आणि ओसरीवर चटई अंथरू लागल्या.

"कोण येणार आहे, काकू?"

"आता कोण येतंय..." त्या म्हणाल्या आणि चटईचा कोपरा सारखा केला.

मी कडेला बसलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडं बघत होतो.