खारीच्या खोक्यातली झाडचिचुंद्री

आई गेल्यापासून अण्णांनी परळचा भोईवाडा फारसा सोडलाच नव्हता. गिरगावातल्या एका कॉलेजात, प्राणीशास्त्राच्या लॅबमध्ये, त्यांनी अख्खी नोकरी अटेंडंट म्हणून केलेली. मागच्या आठवड्यात तिथल्या देसाई मॅडमचा फोन आला. विभागाचं जुनं संग्रहालय आवरतायत, खराब नमुने टाकून देणार, एकदा बघून जाता का? मी लगेच रजा टाकली.

"चल गो, उशीर नको," म्हणत अण्णा आठलाच दारात उभे.

तुम्ही परळहून बसने गिरगावला जाणार असाल तर दहानंतर निघा. आम्ही लालबागलाच अर्धा तास उभे होतो. गिरगावात उतरून साबुदाणा वडा आणि पियुष घेतलं. दोघांचं दोनशेच्या आत झालं. वडा छान कुरकुरीत होता, पण अण्णांचं लक्ष घड्याळाकडे.

लॅबमध्ये टाकायच्या वस्तूंचं एक खोकं भरलेलं होतं. त्यात वरच पेंढा भरलेला एक तपकिरी प्राणी, शेपूट झडलेली, लेबल गायब.

"ती जुनी खार आहे," मॅडम म्हणाल्या.

"ती खार न्हय," अण्णा घाईने म्हणाले, मग सावरून, "म्हणजे, नाही मॅडम. झाडचिचुंद्री आहे. नाक बघा केवढं लांब. आणि दात बघा, खारीसारखे कुरतडायचे नाहीत."

मॅडमनी चष्मा लावून प्राणी उजेडात धरला. मग म्हणाल्या, "अहो, मी तर आज हिला फेकूनच दिलं असतं."

"हिचं लेबल मी दोनदा बदललंय," अण्णा मला सांगू लागले. "मी लागलो तेव्हाचं जुनं लेबल होतं, कीटकभक्षी. तेव्हाचे विभागप्रमुख सर म्हणाले, खोड ते, ही माकडांच्या गणातली. पुढे म्हणाले, तेही खोड, हिचा गणच वेगळा. मी विचारलं, सर, नक्की ना? तर हसले नुसते."

"स्कँडेन्शिया," मॅडम म्हणाल्या. "गण अजून तोच आहे. नावात चिचुंद्री असली तरी ही चिचुंद्री नव्हे. माकडं आणि झाडांवरून तरंगत जाणारे कोलुगो यांच्या जवळची मानतात, पण नेमकी कुणाच्या किती जवळ, यावर अजून वाद चालूच आहे."

"अजून?" अण्णा एवढे खूश झाले की मला हसू आलं.

मॅडमनी कोरं कार्ड आणि पेन पुढे केलं. "तुम्हीच लिहा." अण्णांचं पहिलं कार्ड बिघडलं, दुसरं जमलं.

संग्रहालय बघायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. जिवंत झाडचिचुंद्री बघायची तर सातपुड्याच्या जंगलात जावं लागेल. तेही दिसेल याची खात्री नाही.

आता हे घरी बसून लिहितेय. प्राण्यांचं वर्गीकरण माझ्या किती लक्षात राहील, देव जाणे. वडील कुणाशी तरी बरोबरीने वाद घालतायत, हे मात्र मी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळी मॅडमचा पुन्हा फोन आला, अजून दोन कपाटं बिनलेबलाची आहेत म्हणून.

"सोमवारी जातंय मी," अण्णा म्हणाले.

"मला रजा नाही मिळणार अण्णा."

"तुका कोणी बोलावल्यान?"