पाणसुरुंगांची लागण

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे बी.ए. झालेली पोरगी दर रविवारी दापोऱ्याहून बुऱ्हाणपूरला नेमकं काय खेळायला जाते, हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उमगत नव्हतं. खेळ होता महायुद्धातल्या आरमारांचा. कागद कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांच्या घरी टेबलभर चौकोनी घरं आखलेला समुद्राचा नकाशा पसरायचा आणि त्यावर लाकडी जहाजं. नियमांचं जाड इंग्रजी पुस्तक काकांनी मला ओळ न् ओळ समजावून दिलं. त्यासाठी मी त्यांची कायमची आभारी आहे.

त्या रविवारी आम्हा दोघांत जो जिंकेल तो इंदूरच्या स्पर्धेला जाणार होता. इंदूर मी बसस्टँडपुरतंच पाहिलं होतं. मला जायचंच होतं.

बंदर माझं होतं. काकांच्या तीन जहाजांपैकी एक जरी आत शिरलं, तरी मी हरले. माझ्याकडे फक्त पाणसुरुंग. ते कुठे पेरलेत हे घरूनच चौकटीच्या कागदावर लिहून, घडी घालून आणायचं. समोरच्याला ते कळतं जहाज फुटल्यावरच.

केळीच्या मंडीत काम होतं म्हणून आबाही सोबत आले होते आणि चहा पीत बसले होते. काकांचं पहिलं जहाज फुटलं. मग दुसरं. तिसरं हातात धरून काका नुसतेच बसले. सुरुंगाचं अर्धं काम भीतीच करते, ते असं.

तेवढ्यात आबा उठून नकाशावर वाकले.

"अरे, ही तं केळीची लागण हाये!"

"आबा!"

"हे बघा ना साहेब. इथं एक फुटला, इथं एक. दोन रोपांत दोन घरं, दोन ओळींत तीन. पोरीनं समुद्रात शेतच लावलं! या मधल्या पट्ट्यातून तं बैलजोडी बी निघंल."

माझे कान तापले. आबा बरोबर बोलत होते. कोरा कागद पुढे घेतल्यावर, आमच्या शेतात केळी लावून लावून हाताला जी मांडणी ठाऊक होती, तीच मी काढली होती.

"भाऊ, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" काका हसत म्हणाले. "पण आता कानावर पडलंच आहे, तर सोडतो कशाला!"

जहाज मधल्या पट्ट्यातून बिनधास्त निघालं. एक घर गेलं, दुसरं गेलं. इंदूर गेलंच म्हणून मी कागद चुरगाळत होते, तेव्हा एकदम आठवलं. चार ओळी भरून एक सुरुंग उरला होता. उरलेलं रोप आमच्याकडे फेकत नाहीत, बांधाकडेला जागा दिसेल तिथे खोचतात. मीही तो बंदराच्या तोंडाशीच खोचला होता. हसू लपेना, म्हणून मी मान खाली घातली.

काकांनी शेवटच्या घरात जहाज ठेवलं. मी कागद उघडला.

"हा कुठल्या ओळीतला?" काका ओरडले.

"ते उरलेलं रोप," आबा म्हणाले. "फेकतं का कोणी?"

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

"म्या ओळी दाखवल्या, साहेब. बांधाचं तुम्ही विचारलं कुठं?"

काकांनी हसत हसत स्पर्धेचा फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मंडीत भेटलेल्या पहिल्याच व्यापाऱ्याला आबा म्हणाले, "पोरगी इंदूरला चालली. सुरुंग लावायला."

तो केळीचा घड हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.