हात मागे ठेवा

अयान माझ्या मनगटाला चावला. साधासुधा नाही, चांगले दात उमटले. त्याच्या आईने, रेहानाने, त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडायला लागली.

शेजारच्या केबिनमधून आमचे सर बाहेर आले. कानाचे डॉक्टर, क्लिनिक त्यांचंच.

"काय झालं?"

"चावला."

"पुन्हा? गेल्या आठवड्यात कप फेकला होता ना? पेरेंट्स घरी काही करत नसणार. वॉर्निंग द्या, नाहीतर केस बंद करा."

"सर, ही बाई माझा एक शब्द खाली पडू देत नाही."

"मग पोरगा असा का झालाय?"

मी स्पीच थेरपिस्ट. न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायचं, हा माझा धंदा. भिवंडीत वीस वर्षं तो करतेय. मुलं चिडतात, लोळतात, मला सवय आहे. पण हा पोरगा सहा महिन्यांपूर्वी आला तेव्हा सगळ्या स्टाफचा लाडका होता. आता येताना मुठी आवळूनच यायचा.

आला तेव्हा साडेचार वर्षांचा होता, दोन्ही कानांनी जवळपास बहिरा. इतक्या उशिरा आणलं म्हणून पहिल्याच दिवशी मी आईबापाला फैलावर घेतलं. माझं तोंड तिखट आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमानही होता. पालकांना झापल्याशिवाय काम होत नाही, असं मी ज्युनिअर मुलींना शिकवायचे.

"कळलंच न्हाय मॅडम," रेहाना खाली मान घालून म्हणाली. तिचं माहेर अंबाडीकडचं, बोलीही तिकडचीच.

मला वाटलं, थापा मारतेय. साडेचार वर्षं आईला कळत नाही म्हणजे काय?

पण ती खरं सांगत होती. अयानचे वडील, सादिकभाई, कापडाचे लूम चालवतात. खाली दिवसरात्र चालणारा बारा लूमचा कारखाना, वर माळ्यावर शेठने राहायला दिलेली खोली. लूम चालू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथले कामगार हातांनी बोलतात. चिमटी झटकली की धागा तुटला, मूठ फिरवली की लूम बंद कर. वर घरातही तेच. ये, जेव, झोप, आज मटण आहे, सगळं हातांनी. अयान चटाचट उत्तरं द्यायचा. त्या घरात त्याचं काही अडलंच नाही, तर कळणार कसं?

त्या पहिल्या दिवशी बापलेक बाहेर बाकावर बसून हातांनी गप्पा मारत होते. सादिकभाईंनी काहीतरी खूण केली आणि अयान पोट धरून हसला. मी ते पाहिलं आणि लगेच बंद केलं.

"आता याच्या कानात मशीन घातलंय. हातांनी काम भागलं तर जीभ कशाला हलवेल हा? आजपासून घरात इशारे बंद. हात मागे ठेवा आणि तोंडाने बोला."

"बिलकुल नाही, मॅडम?" सादिकभाईंनी विचारलं.

"बिलकुल नाही. पोरगा बोलायला हवाय ना?"

"हवाय."

"मग कळ काढा जरा."

मी काही मनचं सांगत नव्हते. आम्हाला असंच शिकवलं होतं, आणि काही मुलांना त्याचा उपयोगही झाला होता. सुरुवातीला अयान क्लिनिकमध्ये 'आ', 'पा', 'बा' म्हणायला लागला. हात उचलला की मी त्याचे दोन्ही हात धरून हळूच पाठीमागे न्यायचे. दर आठवड्याला मी रेहानाला विचारायचे, इशारे बंद आहेत ना? ती म्हणायची, हो मॅडम. फॉर्मवर 'पालकांचा सहभाग' असा एक रकाना असतो. त्यात मी प्रत्येक वेळी 'उत्तम' लिहिलं. मग 'बा'सुद्धा बंद झाला, आणि चावणं सुरू झालं.

चावल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. वीस वर्षांत पेशंटच्या घरी जायची ही पहिलीच वेळ. सांगायलाही लाज वाटते.

जिना चढताना पायाखालची फळी थरथरत होती. आवाज तर असा, की दोन मिनिटांत माझं डोकं भणभणलं. कानाचं मशीन येईल तो आवाज मोठा करतं. आईचा मोठा करायचा आणि लूमचा सोडून द्यायचा, एवढी अक्कल त्याला नसते. हे मला पुस्तकातून पाठ होतं. तरी सहा महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तुझं घर कुठे आहे?

अयान भिंतीकडे तोंड करून बसला होता. कानात मशीन नव्हतं.

"मशीन कुठंय?" मी ओरडले.

रेहाना माझ्या कानाशी आली. "डबीत. घातलं का डोकं आपटतो. लाईट गेली, लूम थांबले का घालते. मंग बोलते त्याच्याशी, तुम्ही सांगितलं तसं, तोंडासमोर तोंड धरून."

"आणि लाईट नाही गेली तर?"

"या महिन्यात दोनदाच गेली."

"अगं, मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"मग बाकीचा वेळ काय करता?"

तिने दोन्ही हात पाठीमागे नेऊन दाखवले.

शिफ्ट संपवून सादिकभाई आले. बोलण्यासाठी आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो.

"सादिकभाई, घरी येऊन तुम्ही त्याच्याशी काय बोलता?"

"तोंडाने बोलतो, मॅडम. त्याला ऐकू येत नाही. हात आपण हलवत नाही. सहा महिने झाले, कसम से, एक इशारा नाही केला. पयले पयले रोज येऊन माझे हात खेचायचा, पुढे घ्यायला. आता जवळच येत नाही. त्याला वाटतं, अब्बा नाराज आहे." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "नाराज नाही, हे सांगायला पण हातच लागतात ना, मॅडम."

"माझं चुकलं," मी म्हणाले. त्या गल्लीत ते चारचौघांनी ऐकलं. "आता वर चला. करा इशारे. सगळे करा."

वर जाऊन सादिकभाई अयानच्या समोर उकिडवे बसले. त्यांनी हात पुढे घेतले आणि एक खूण केली. रेहानाने नंतर सांगितलं, फिरायला चल, अशी ती खूण होती.

अयानने त्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि स्वतःचे दोन्ही हात गुपचूप पाठीमागे नेले.

याला आता दीड वर्ष झालं. अयान कर्णबधिर मुलांच्या शाळेत जातो. तिथे हातांची भाषा शिकवतात, आणि शांत वर्गात मशीनही कानात राहतं. वर्गातल्या पोरांशी त्याचे हात छान चालतात. दोन-चार शब्द तोंडानेही येतात. रेहानाशीही बोलतो. वडिलांनी खूण केली तर मान हलवून हो-नाही सांगतो. आपणहून मात्र त्यांच्याशी काही बोलत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, वेळ लागेल. मीही तेच म्हणते. दुसरं काय म्हणणार?

आता नवीन पालक आले की मी आधी विचारते, घरी तुम्ही याच्याशी कसे बोलता, आणि जाऊन बघून येते. जे चालू आहे त्याला हात लावत नाही. नवीन काही द्यायचं ते त्याच्या जोडीला.

मागच्या महिन्यात सादिकभाई मशीनच्या बॅटऱ्या न्यायला आले होते, तेव्हा त्यांना हे सांगितलं.

"अच्छा है, मॅडम," ते म्हणाले. "दुसऱ्यांच्या पोरांना तरी कामाला येईल."